वीतभर उसवलेला पट्टा

सायखेडा
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षल यास मावशीचे आशीर्वाद.

तू दिंडोरीकडे वायनरीच्या नव्या शेडवर पत्रे बसवायला चढतोस, हे तुझी आई परवा माझ्या कानाशी ओरडून सांगून गेली. मी दोनदा विचारलं. कमी ऐकू येतं म्हणून नव्हे, खरं वाटेना म्हणून. काकांच्या तेराव्याला तू अठरा वर्षांचा होतास, आणि तूच म्हणाला होतास की मी टेम्पो चालवीन, पण काकांचं काम करणार नाही. असो. काम मिळतं तिथं माणूस जातो. मी नको म्हणणार नाही.

पण तुझी आई असंही म्हणाली की तिथं अकरा माणसांत पाच सेफ्टी बेल्ट आहेत, आणि ते साहेब यायचे असले की बाहेर काढतात. म्हणून दत्तूबरोबर काकांचा बेल्ट पाठवते आहे. त्याचा टेम्पो द्राक्षाची रिकामी खोकी घेऊन एक दिवसाआड दिंडोरीला येतो, तुमच्या गेटवर तो देईल. फोनवर मला बोलणं समजत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा तूही उत्तर कागदावर लिहून त्याच्याच हातात दे.

बेल्ट सहा वर्षं पेटीत होता. दर खंडेनवमीला बाहेर काढून हळदकुंकू वाहते, काकांच्या पान्याशेजारी ठेवते. दोरीजवळ एके ठिकाणी उसवला होता, तो मी शिवून घेतला आहे. कांद्याच्या गोण्या शिवते त्या दाभणाने, दुहेरी दोऱ्याने. ओढून पाहा, हलणार नाही.

काका वरून पडले तेव्हा त्यांच्या अंगात हाच बेल्ट होता. तेव्हाचा सुपरवायझर म्हणाला, बेल्ट घातला होता, त्याच्या दोरीचा हूक कुठे लावला नव्हता. कागदावरही तेच आहे. माझा त्यांच्यावरचा राग त्यामुळेच अजून गेलेला नाही. घरी नेहमी म्हणायचे, हूक काढा आणि लावा यातच अर्धा दिवस जातो. एवढ्या आळसापायी गेला माणूस.

तू हूक लाव. दर आठवड्याला मला लिहून कळव.

तुझी मावशी,
वत्सला


दिंडोरी
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ती. मावशीस नमस्कार.

बेल्ट मिळाला. अंगाला बरोबर बसला, फक्त खांद्याची पट्टी एक घर आवळावी लागली. पट्ट्याच्या घडीत हळद होती, ती माझ्या बनियनला लागली. नवनाथ म्हणून आमच्यातला सगळ्यात जुना फिटर आहे. तो म्हणाला, "काय रे, घरून हळद लावून कासरा बांधून पाठवलाय?" आता सगळे मला खोंड म्हणतात. म्हणू दे.

तू काळजी करू नकोस. काम सोपं आहे. लोखंडी कैच्या, म्हणजे छपराच्या त्रिकोणी चौकटी, उभ्या झाल्या आहेत, त्यावर आम्ही पत्रे टाकतो. उंची छत्तीस फूट. सकाळी बरं असतं, दुपारनंतर वारा सुटतो आणि पत्रा हातात पतंगासारखा ओढतो, तेव्हा आम्ही थांबतो. कडेने एक तार लांबवर ताणली आहे, तिच्यात हूक अडकवून सरकत जायचं. मी हूक लावतो. काल मोजलं, बेचाळीस वेळा लावला.

जानेवारीत द्राक्षं यायला लागतील, त्याआधी शेड झाली पाहिजे म्हणून ठेकेदार रंगनाथ शेठ घाई करतात. माणूस वाईट नाही. स्वतः वर येऊन उभे राहतात, तेही चपलेवर.

काकांची आई, आपली आजी, कशी आहे? तिला माझा नमस्कार सांग.

तुझा,
हर्षल


सायखेडा
रविवार, ९ नोव्हेंबर

चि. हर्षल यास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. बेचाळीस वेळा लिहिलंस, त्याचं बरं वाटलं आणि भीतीही वाटली. शेतात कुदळ किती वेळा मारली ते कोण मोजतो? ज्याला सवय नाही तोच मोजतो. म्हणजे मोजलंस तो पहिला दिवस असेल.

रागावत नाही. पण मला एक सांगितलं नाहीस. ती तार दोन्ही टोकांना कशाला बांधली आहे?

तुला वाटेल, मावशीला यातलं काय कळतं. वाचनालयात आयटीआयच्या मुलांसाठी ठेवलेलं एक पातळ पुस्तक मिळालं. त्यात उंचीवरच्या कामाची आठ पानं आहेत, ती मी हळूहळू वाचते आहे. त्यात लिहिलं आहे की हूक डोक्याच्या वरच्या बाजूला लागला तर पडणं कमी होतं, पायाशी लागला तर माणूस तेवढा जास्त खाली जातो आणि झटका मोठा बसतो. आणि ज्याला हूक लावायचा ते एका मोटारीचं वजन पेलेल इतकं पक्कं हवं. पाण्याच्या पाइपाला, विजेच्या नळीला लावू नये. हे वाचून मी कैची बघायला बाजार समितीच्या शेडखाली जाऊन उभी राहिले. लोकांना वाटलं, कांदा घेऊन आले आहे.

मला वाचता येऊ लागलं ते काका गेल्यानंतरच. हॉस्पिटलात एक कागद पुढे आला, त्यावर माझा अंगठा घेतला. तो वर्षभराने कळला, जेव्हा अक्षरं जुळवता यायला लागली. त्यात लिहिलं होतं, मयताने स्वतःच्या हलगर्जीपणाने हूक लावला नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. मी ते मान्य केलं होतं. आणि खरं सांगू, मान्यही होतं. मला त्यांचा स्वभाव माहीत होता.

आजी बरी आहे. ऊन खात बसते. तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, "त्याला म्हनावं, खाली बघू नको, वर बी बघू नको. हातातलं बघ."

तार कशाला बांधली आहे ते कळव.

वत्सला


दिंडोरी
मंगळवार, १८ नोव्हेंबर

ती. मावशीस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. काम जोरात होतं. तू म्हणालीस ते खरं आहे, आधी मी लावत नव्हतो. तुझा बेल्ट आल्यापासून लावतो.

आज कंपनीने नेमलेल्या नव्या सेफ्टी मॅडम आल्या, स्नेहल मॅडम. आता दर मंगळवारी येणार. त्यांनी सगळ्यांचे बेल्ट उन्हात चटईवर मांडले आणि हातमोजे काढून बोटांनी चाचपून पाहिले. माझा बेल्ट बराच वेळ हातात धरून बसल्या. मग तो बाजूला ठेवला आणि हा वापरायचा नाही म्हणाल्या. मला कंपनीचा नवीन दिला आहे, आता अकराच्या अकरा आले आहेत. तेव्हा ती काळजी सोड.

मला काही विचारायचं आहे. नीट आठवून लिही. बेल्ट तुझ्याकडे आला तेव्हा नेमका कुठे उसवला होता? किती? हूक उघडा होता की बंद? त्यात काही अडकलेलं होतं का? तू धुतला होतास का?

असंच विचारतो आहे. हे पत्र दत्तू उद्या दुपारी आणून देईल.

हर्षल


सायखेडा
बुधवार, १९ नोव्हेंबर

हर्षल,

दत्तूला अर्धा तास ओट्यावर बसवून ठेवलं आहे. तो चहा पितो आहे आणि घड्याळ बघतो आहे.

तू असंच विचारलंस असं लिहिलंस. मी पुस्तक उघडलं. सातव्या पानावर आहे: शिवण उसवलेला पट्टा वापरू नये, घरी शिवू नये, सुईने पट्ट्याचे धागे तुटतात. हे पान मी वाचलेलं नव्हतं. मी सहाव्यावर होते. बेल्ट पाठवल्यापासून दिवस मोजले. रविवार सोडले तर बारा-तेरा दिवस तू माझ्या दाभणाच्या टाक्यांवर छत्तीस फूट वर होतास. शेजारच्या मुलीकडून तुला फोन लावला, तो बंद होता. फोन गेटवर जमा करता ना तुम्ही.

आता विचारलंस ते.

दोरी जिथे पाठीच्या कडीला जोडलेली असते, तिथे जाड घडी घातलेल्या पट्टीचं एक पुडकं आहे. त्याचं कापडी कव्हर फाटलेलं होतं आणि आतली घडी सुटून लोंबत होती. एक वीत. माझीच वीत लावून मोजली होती, कारण दोरा किती लागेल ते पाहायचं होतं. मी घडी पुन्हा होती तशी घातली, शिवली आणि वर नवीन कव्हर चढवलं. धुतला होता. दोनदा, सोड्याच्या पाण्यात. रक्त होतं.

हूक बंद होता. त्यात एक लोखंडी गोल पट्टी अडकली होती, मनगटाएवढी, लाल रंगाची, एका बाजूला बोल्ट आणि बोल्टाला सिमेंटचा खडा. मला वाटलं, हॉस्पिटलात कुणीतरी ओळखीसाठी अडकवली असेल. मी ती काढून घेतली. गोठ्याच्या दाराला कडी नव्हती, तिथे लावली. आज सकाळीही तीच उघडून गाईला पाणी दाखवलं.

माझ्याकडून काय झालं आहे ते स्पष्ट लिही. लपवू नकोस.

वत्सला


दिंडोरी
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ती. मावशी,

तुझ्याकडून मला काही झालेलं नाही. मी धड आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. बसून वाच.

ते पुडकं मुद्दामच उसवण्यासाठी केलेलं असतं. माणूस पडला की दोरीला झटका बसतो, तेव्हा आतली शिवण टाका टाका सुटत जाते आणि झटका कमी होतो. नाहीतर कंबर मोडेल. मॅडमनी मला नवीन पुडकं हातात देऊन ओढायला सांगितलं. मी ओढलं, नवनाथने ओढलं, आम्ही दोघांनी भिंतीला पाय लावून ओढलं. एक टाका सुटला नाही. ते हाताने सुटत नाही, धुऊन सुटत नाही, पेटीत राहून सुटत नाही. पडणाऱ्या माणसाचा झटका दोरीला बसल्याशिवाय ते उसवत नाही.

काकांनी हूक लावला होता, मावशी.

मॅडमना मंगळवारीच शंका आली होती, पण तुझं उत्तर येईपर्यंत मला लिहू देईनात. आज त्यांना फोनवर तुझं पत्र वाचून दाखवलं. गोल पट्टीचा भाग त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, ती आगीच्या पाण्याचा पाइप भिंतीला धरून ठेवणारी क्लॅम्प आहे. काकांनी हूक त्या क्लॅम्पला लावला, कारण जवळपास दुसरं काही नसेल. ते पडले, पुडकं वीतभर उलगडलं, आणि क्लॅम्प भिंतीतून बाहेर आली. ती हुकात तशीच राहिली आणि त्यांच्याबरोबर खाली आली. कुणी पाहिली नाही, किंवा पाहून बोललं नाही.

तू विचारलं होतंस, तार कशाला बांधली आहे. मी उत्तर दिलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. पाहिलंच नव्हतं. आज मॅडमचा फोन ठेवला आणि शिडीने वर जाऊन पाहिलं. तारेची दोन्ही टोकं आगीच्या पाइपाच्या क्लॅम्पला आवळली आहेत. त्या क्लॅम्पही लालच आहेत.

मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "बारा वर्षं अशीच बांधतोय. एक तरी पडला का?" वायनरीवाल्यांना पुढच्या शनिवारी शेड दाखवायची आहे. सोमवारी सकाळी सगळे वर जाणार, ज्याला जायचं नाही त्याने बॅग भरावी. मॅडमनी फोनवर काम थांबवायला सांगितलं तर म्हणाले, मंगळवारी या, मंगळवारी बोलू. बाकीच्यांनी आपापली हत्यारं आवरायला घेतली. नवनाथ म्हणाला, खोंड बिचकला.

मला बिचकल्यासारखंच झालं आहे. मी एकटा नाही म्हणालो तर सोमवारी माझ्या जागी दुसरा कुणी त्या तारेला हूक लावेल. मी काय करू?

हर्षल


सायखेडा
शनिवार, २२ नोव्हेंबर

चि. हर्षल,

चढू नकोस. बॅग भरायला सांगितली तर भर आणि इकडे ये.

पण त्याआधी एक कर. दत्तूकडे ती क्लॅम्प दिली आहे, गोठ्याच्या दारातून काढून. बोल्ट तसाच आहे, सिमेंटचा खडाही आहे, इतक्या वर्षांत पडला नाही. ही सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या हातात दे. शेठशी वाद घालू नकोस. तू वयाने लहान आहेस आणि वादात लहान माणूस हरतो. फक्त हातात दे आणि सांग, माझ्या काकांच्या हुकात ही होती. मग वरची आणि ही शेजारी धरून बघा म्हणावं. ज्याने आयुष्यभर लोखंड हाताळलं आहे त्याला डोळ्यांपेक्षा हाताने लवकर कळतं.

मी स्वतः आले असते. सोमवारी दत्तूची फेरी नाही, आणि आजीला एकटीला सोडता येत नाही.

तुझ्या पत्राच्या पहिल्या अर्ध्या भागाबद्दल आत्ता काही लिहीत नाही. आधी सोमवार जाऊ दे.

वत्सला


दिंडोरी
सोमवार, २४ नोव्हेंबर

ती. मावशीस नमस्कार.

सगळे खाली आहेत. सगळे धड आहेत.

तू सांगितलंस तसं केलं. क्लॅम्प पहिल्यांदा नवनाथच्या हातात दिली, कारण तोच सगळ्यात जास्त हसणार होता. तो हसला नाही. उलटीसुलटी केली, अंगठ्याने सिमेंटचा खडा चाचपला, मग पुढच्याला दिली. ती अकरा जणांच्या हातातून फिरली. शेठ गाडीला टेकून बघत होते. क्लॅम्प परत आल्यावर नवनाथ म्हणाला, "शेठ, आज आधी पोतं चढवू. पोतं टिकलं तर आपण."

शेठ म्हणाले, करा खेळ. त्यांना खात्री होती.

आम्ही वाळूचं पोतं भरलं, माझ्या वजनाएवढं. नवनाथने मला आणि पोत्याला आळीपाळीने काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, तुझ्यापेक्षा पोतं शहाणं दिसतंय. दोराने ते वर ओढलं, जिथे पहिला पत्रा लागतो तिथपर्यंत, शिडीवरूनच बेल्टची दोरी त्या तारेत अडकवली आणि सगळे खाली उतरल्यावर दोर सोडून दिला.

आधी काहीच झालं नाही. पोतं तारेला लोंबलं, हललं. शेठ म्हणाले, "बघा." त्यांचं बोलणं पुरं झालं आणि मग वरून लाकूड पिचल्यासारखा आवाज आला, एक टोक भिंतीतून निघालं, तार सापासारखी सळसळली आणि पोतं खाली येऊन फुटलं. वाळू आमच्या पायांवर आली.

शेठ खाली बसले, धुळीतच. थोड्या वेळाने ते म्हणाले की ते स्वतः त्या तारेपाशी कितीदा उभे राहिले असतील. मग उठून दोन-चार फोन केले. आता मोठ्या कैचीला आरपार भोकं पाडून जाड प्लेटा बसवणार आहेत, त्यांना तार बांधणार. शनिवार हुकेल. हुकू दे म्हणाले.

उद्या मॅडम येतील. नियमाप्रमाणे पडलेल्या माणसाचा बेल्ट कापून टाकावा लागतो, म्हणजे चुकूनही कुणी तो परत घालणार नाही. पण त्या म्हणतात, तुझी परवानगी आल्याशिवाय कापणार नाही. त्याआधी फोटो काढून कामगार कार्यालयाला द्यायचा कागद तयार करतील. तू म्हणशील तसं.

हर्षल


सायखेडा
बुधवार, २६ नोव्हेंबर

चि. हर्षल यास आशीर्वाद.

काल दुपारी पत्र आलं. वाचून झाल्यावर मी गोठ्यात जाऊन बसले. दाराला आता सुतळी बांधली आहे.

सहा वर्षं मी त्यांना बोल लावले. मनात नाही, तोंडाने. भांडी घासताना, गाय पिळताना. एवढा एक हूक लावायला काय होत होतं तुम्हाला, असं. घरात दुसरं ऐकायला आजीच होती. मुलाबद्दलचं ते तिने सहा वर्षं ऐकून घेतलं आणि एकदाही उलट बोलली नाही.

मी तिला सगळं सांगितलं. पुडकं, वीत, क्लॅम्प. मला वाटलं, तिला समाधान वाटेल. तिने विचारलं, "मंग त्याला कळलं आसंल का गं, सुटतंय म्हनून?"

हे मला सुचलं नव्हतं. आजपर्यंत माझ्या मनात ते पायरी चुकल्यासारखे पडले होते, कळायच्या आत. आता कळलं की ते मध्ये थांबले होते. किती वेळ थांबले होते? तुमचं पोतं थोडा वेळ लोंबलं, असं तू लिहिलंस. आजीपुढे मी ते वाचलं नाही.

मॅडमना विचार. त्या जे सांगतील ते लिही.

बेल्ट काप. पण आधी माझी शिवण उसव. ते टाके माझे आहेत, ते त्यांच्या कागदात जायला नकोत. काकांनी वीतभर उलगडलं होतं, तेवढंच उलगडलेलं फोटोत दिसू दे. मग काप.

नवी तार बांधून झाली का? तिलाही पोतं लावून बघा. दोनदा.

वत्सला


दिंडोरी
मंगळवार, २ डिसेंबर

ती. मावशीस नमस्कार.

तुझे टाके उसवायला पाऊण तास लागला. मॅडम पट्टा धरून बसल्या, मी ब्लेडने एकेक टाका काढला. नवनाथ म्हणाला, अशी शिवण असती तर आपल्या तारेचं टोकही भिंतीतून निघालं नसतं. मग पट्टी आपोआप सुटून लोंबली. मॅडमनी टेप लावून मोजली, एकोणीस सेंटीमीटर. फोटो काढले. तीन पानी कागद तयार झाला आहे, तुला वाचायला दत्तूबरोबर पाठवतो आहे. पटला तरच पुढे जाईल, त्यातला शब्द बदलायचा असेल तर बदल. मग बेल्टचे चार तुकडे केले. मीच केले.

नवी तार शनिवारी बांधली. पोतं तीनदा सोडलं, तिसऱ्यांदा शेठनी स्वतः दोर सोडला. तार वाकली, तुटली नाही. प्लेट हलली नाही. काल सकाळी मी वर गेलो. हूक लावला आणि वजन टाकण्याआधी जोरात ओढून पाहिला. आता सगळेच तसं करतात, कुणी कुणाला हसत नाही. भीती गेलेली नाही. दुपारी वारा आला तेव्हा मीच पहिल्यांदा खाली उतरलो.

तुझा प्रश्न मॅडमना विचारला. पट्टी बोटांवर गुंडाळत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, एकोणीस सेंटीमीटर शिवण सुटायला पापणी लवायलाही वेळ लागत नाही. माणसाला काही कळायच्या आत ते होऊन जातं.

मी उठलो, तेव्हा पाठीमागून आणखी एक म्हणाल्या. शिवण सुटून थांबल्यावर क्लॅम्प भिंतीत किती वेळ टिकली, ते मात्र कुणालाच सांगता येणार नाही.

तू खरं मागितलं होतंस म्हणून दोन्ही लिहिलं. आजीला पहिलंच सांग.

तुझा,
हर्षल